वाचलं तुम्ही, बोलले मी

अहो मीनूचे बाबा,

वकीलसाहेबांनी माझ्याकडून चार ओळी मागितल्या. तुमचं वाचक मंडळ तुमच्या आठवणीत पुस्तिका काढून राह्यलं आहे, तिच्या पहिल्या पानावर बायकोची श्रद्धांजली पाहिजे म्हणाले. "वहिनी, पत्र लिहा सरांना. थोडं घरगुती, थोडं भावुक. वाचकांना आवडतं." चार ओळीत माझं भागत नाही, म्हणून हे लांबलं. चौथी शिकलेल्या बाईचा हात आहे, हळू चालतो. लिहिताना शाळेतल्यासारखं लिहिते, पण राग आला की घरचं बोलणं कागदावर उतरते, त्याले माझा इलाज नाही. चुका वकीलसाहेबांनी सुधाराव्या. शब्दाला हात लावू नये.

हे रडायचं पत्र नाही. रडून झालं. आता भांडायचं आहे, अन् नेमके तुम्ही निघून गेलात!

शोकसभेपासून सांगते. राजापेठेतल्या त्याच हॉलमध्ये ठेवली होती, जिथं तुम्ही दर रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून जायचे. खाली ट्यूशनच्या पोट्ट्यांच्या गाड्यांचा गोंगाट, वर तुमचा फोटो, हार, उदबत्ती. मला समोरच्या खुर्चीवर बसवलं. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण तो जिना मी त्या दिवशी पहिल्यांदा चढले. तुम्ही मेल्यावर. जिवंतपणी एकदा तरी "चाल व, तू बी चाल" म्हटलं असतं तर काय बिघडत होतं?

एकेक जण उठून बोलला. सर इतिहास किती छान शिकवायचे, सरांना मुंबईच्या इतिहासाचं कसं वेड होतं, सर वऱ्हाडात बसून मुंबईची गल्ली न् गल्ली सांगायचे. मी मान हलवत होते. खरंच होतं ते. लहानपणी एक वर्ष मामाकडे गिरगावात काढलं अन् परत यावं लागलं, त्याचा काटा तुमच्या मनात जन्मभर राहिला. मुंबईवरचं कोणतंही पुस्तक निघो, आपल्या घरी येणारच. मला मात्र कधी दाखवली नाही मुंबई. मागे लागले तेव्हा म्हणालात, "पुस्तकातली मुंबई राह्यली नाही आता." अहो, मी कुठं पुस्तकातली मागत होते? मला आहे तशी चालली असती!

मग वकीलसाहेब उठले. चष्मा काढला, डोळे पुसले. म्हणाले, "सरांची मतं म्हणजे चाबूक होता. मुंबईच्या जन्माचं ते पुस्तक आपण सगळ्यांनी डोक्यावर घेतलं होतं. सर उठले आणि शांतपणे म्हणाले, 'बेटे हुंड्यात दिली गेली हे लेखक खुलवून सांगतो; परंतु जिच्या विवाहात ती दिली, त्या राजकन्येच्या मनाची दखल एका ओळीनेही घेत नाही.' काय दृष्टी होती!"

टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या! अन् माझ्या हातातला रुमाल तसाच राहिला.

कारण ते मी बोलले होते. तूर निवडत बसले होते, तुम्ही खुर्चीवर पाय घेऊन वाचत होते. तुम्हाला मनात वाचता येतच नव्हतं. शाळामास्तरचा गळा, समोर कान असल्याशिवाय पान उलटत नव्हतं. पोरगी पुण्याला गेली, मग कान माझेच उरले. तुम्ही तो लग्नाचा भाग वाचला अन् मी म्हटलं, "पोरीच्या लग्नात अख्खं गाव देऊन टाकलं, अन् पोरीले कोणी इचारलं बी नाही? लिहिणाऱ्याले बी नाही सुचलं? तुमच्याच जातीचा दिसते." माणसाची जात म्हणत होते मी, बाप्यांची. तुम्ही हसले होते. म्हणाले होते, "तुह्यं काय तरी एकेक!"

तेच माझं "काय तरी एकेक" आंघोळ घालून, पावडर लावून तुम्ही रविवारी मंडळात नेलं.

मी म्हटलं, जाऊ दे, एखादं गेलं असेल. नवरा-बायकोचं काय एवढं. पण वकीलसाहेब थांबायला तयार नाहीत! दुसरं पुस्तक आलं. मुंबईच्या सेठ लोकांचं, कोणी कोणता बंगला बांधला, कोणता पुतळा उभारला त्याचं. "त्यावर सर म्हणाले होते, 'नागरी स्वच्छतेच्या इतिहासाकडे लेखकाने केलेले दुर्लक्ष खटकते.'"

अहो, मी हसले! मोठ्यानं हसले! तुमच्या फोटोसमोर, हाराच्या वासात, तोंडाला पदर लावून पोट धरून हसले. मागच्या बाईने मला पाणी दिलं, पाठीवर हात फिरवला, "मन घट्ट करा वहिनी" म्हणाली. त्यांना वाटलं, बाईच्या डोक्यावर परिणाम झाला.

माझं वाक्य काय होतं, आठवतं का तुम्हाला? पुस्तक संपत आलं होतं. मी विचारलं, "एवढे बंगले झाले, रस्ते झाले, घोड्याचे दवाखाने झाले. पण संडासाले कुठं जात होते जी हे लोकं? एवढं मोठं शहर अन् पुस्तकभर कोणाले लागलीच नाही?" यातून तुम्ही नागरी स्वच्छता काढली! धन्य आहे तुमची. मास्तरकी वाया नाही गेली.

या संडासाचीच दुसरी गोष्ट आहे, ती मी विसरले नाही. ते लेखक आले होते ना मुंबईहून आपल्या घरी जेवायला? त्या वर्षी शेतकरी जीव देत होते म्हणून मुंबईचे पुष्कळ लोक गाड्या घेऊन आपल्याकडे फिरत होते, गावागावांतून बाया-माणसांना प्रश्न विचारत होते. तेही तसेच आलेले. तुमच्या मंडळानं त्यांना धरलं, कारण मुंबईवरचं ते सेठ लोकांचं पुस्तक त्यांनीच लिहिलेलं. मी पाटोडीचा रस्सा केला होता, ज्वारीच्या भाकरी केल्या होत्या. माणूस बरा होता. भाकर वाढली तर वर पाहून म्हणाला, "वहिनी, तुम्ही वाचलंत का माझं पुस्तक? कसं वाटलं?"

मी तोंड उघडलं. तोंडात वाक्य तयार होतं. अन् तुम्ही मध्येच, तेही आपल्या बोलीत नाही, एकदम शुद्ध पुणेरी, "छे हो! तिला यातलं काही कळत नाही. तिचं आपलं स्वयंपाकघर बरं."

लेखक हसले. मी पण हसले. बायका हसतात अशा वेळी. आत जाऊन भाकर उलटली तर ती करपून गेली होती. अन् आतूनच ऐकलं, हात धुता धुता तुम्ही त्यांना म्हणता, "एक शंका होती. त्या काळातल्या शौचव्यवस्थेबद्दल..." ते म्हणतात, "वा! हा प्रश्न मला कोणीच विचारला नव्हता!"

करपलेली भाकर मी खाल्ली. मनात म्हटलं, पाहुण्यासमोर काही तरी बोलावं लागते बिचाऱ्याले. एकदाची गोष्ट समजून सोडून दिलं. एकदाची नव्हती ती. ती तुमची रीत होती! मला कळत नाही म्हणून सांगायचं, अन् माझ्याच कळण्यावर दर रविवारी टाळ्या घ्यायच्या.

शोकसभेत वकीलसाहेबांनी एक गंमतही सांगितली. "सर फक्त एकदा चुकले," म्हणाले. मुंबईच्या मैदानात कापसाच्या गाठींचे डोंगर उघड्यावर पडलेले असायचे, असं कुठल्या तरी पुस्तकात होतं. तुम्ही उठून म्हणाले, मुंबईच्या पावसात कापूस उघड्यावर ठेवणे अशक्य, लेखकाला कापूस माहीत नाही. वकीलसाहेब म्हणाले, "सर, हंगामाचा कापूस पावसाच्या आधीच जहाजात चढत होता. वऱ्हाडातले असून हे विसरलात?" अन् मंडळ पोट धरून हसलं म्हणे.

तेही माझंच होतं. माझं माहेर अंजनगावकडचं. आमच्या घरी कापूस खोलीत राहायचा अन् आम्ही पोरंसोरं बाहेर पडवीत. कापसावर थेंब पडला तर बाप आभाळाला शिव्या द्यायचा. म्हणून पटकन तोंडातून निघालं, पुढचा विचार केला नाही. पण तुम्ही तर इतिहासाचे मास्तर! तुम्ही तरी विचार करायचा!

आता समजलं, त्या रविवारी तुम्ही काहून शर्ट खुंटीला फेकला, काहून न बोलता जेवले, अन् दिवाळीपर्यंत काहून पुस्तक उघडलं नाही. मी विचारत राहिले, "काय झालं जी? तब्येत बरी नाही का?" मला वाटलं बीपी वाढलं. तुमच्या वरणात मी मीठ कमी केलं! एक वेळ बोलले असते, "तुह्यामुळं माह्यी फजिती झाली," तर मी म्हटलं असतं, चुकलं बाप्पा. पण ते बोलायचं म्हणजे बाकीचंही बोलावं लागलं असतं ना? माझी चूक अंगावर घेतली, पण माझं नाव घेतलं नाही. एवढी चिकाटी!

इथपर्यंत सगळं मी सहन केलं असतं. हसून सोडलं असतं. पण मग वकीलसाहेबांनी ते कापसाचं मत काढलं. तुमचं सगळ्यात गाजलेलं. पेपरात छापून आलेलं, ज्याच्यासाठी अकोल्याला तुम्हाला शाल-श्रीफळ मिळालं.

"कापसाच्या भाववाढीचा आणि घसरणीचा इतिहास मुंबईच्या बाजूने लिहिला गेला, बोंडे वेचणाऱ्या हातांचा इतिहास अलिखितच राहिला." वकीलसाहेबांना पाठ आहे. सगळ्या हॉलला पाठ आहे. पुस्तिकेच्या मागच्या पानावर मोठ्या अक्षरात हेच येणार होतं, खाली तुमचं नाव.

तो दिवस आठवा. सुभद्रेच्या गावाहून मी परतले होते. सुभद्रा, माझी मावसबहीण. तिच्या नवऱ्याने त्या साली जीव दिला होता. त्या वर्षांत आपल्याकडे काय चालू होतं ते ही पुस्तिका वाचणाऱ्याला सांगायला नको. सकाळचा पेपर उघडायची भीती वाटायची. दहावा करून आले, पाय धुतले, अन् तुम्ही म्हणालात, "बस व, बरं वाटीन तुले, नवं प्रकरण वाचतो." माझं मन रमवायला. वाचलं काय? तर दूर अमेरिकेत लढाई लागली, कापसाचा भाव आभाळाला भिडला, मुंबईत रातोरात बंगले उठले. मग लढाई संपली, भाव पडला, मुंबईतले शेअरवाले बुडाले. लेखकाला त्या शेअरवाल्यांचं फार वाईट वाटलेलं.

मला रडू फुटलं. मी म्हटलं, "भाव चढला तवा बंगले मुंबईत. भाव पडला तवा रडणंही मुंबईचंच. अन् बोंड वेचणारी? ते चढताना कुठं होती जी, अन् पडताना कुठं गेली? सुभद्रा चार दिवसांनी पुन्हा वेचाले जाणार आहे. बोटं चिरलेली आहेत तिची. तिले कोणत्या पानावर लिहिलं, दाखवा मले!"

तुम्ही पुस्तक मिटलं. बराच वेळ मांडीवर तसंच धरून बसले. मला वाटलं, माझ्या दुःखानं गप्प झाले. तुम्ही पाठ करत होते काय हो?

पेपरात तुमचं पत्र आलं तेव्हा मी गल्लीत पेढे वाटले. मला बारीक अक्षर वाचता येत नाही, तुम्ही वाचून दाखवलं नाही. नाही तर प्रत्येक गोष्ट वाचून दाखवणारा माणूस! तेव्हाच खटकायला पाहिजे होतं मला. अकोल्याहून आले अन् शाल माझ्या अंगावर टाकली. "घे, थंडीत कामी येईन." मी तीन हिवाळे ती पांघरून दूध घ्यायला गेले. आता विचार करते, ती शाल देताना तुमच्या मनात काय होतं? देणं फेडलं असं वाटलं का? की थंडीच होती फक्त?

ते मत नव्हतं हो. ती सुभद्रा होती. तुम्ही तिच्या बोटांचे "हात" केले, अन् ते हात कोणाचे ते काही ठेवलं नाही. संडासाचं घ्या, राजकन्येचं घ्या, मला त्याचं काही नाही. हे मात्र मी तुम्हाला माफ करत नाही. पुस्तिकेत छापून येणार आहे म्हणून गोड बोलणार नाही.

सभा सुटली. जिन्यावर रहीमभाई भेटले. जुन्या पुस्तकांच्या दुकानाचे रहीमभाई, मुंबईचं कोणतंही जुनं पुस्तक हाती लागलं की घरी घेऊन येणारे, ओट्यावर बसून चहा पिऊन जाणारे. चप्पल शोधता शोधता हळूच म्हणाले, "भाभी, तुमी हसले काहून ते मले समजलं."

"काय समजलं?"

"सब तुमच्याच बाता होत्या ना. मैं ओट्यावर बैठके सुनता था. इतवारको सर वोही बोलते थे, जरा साफसुथरा करके."

"मग इतक्या वर्षांत बोलले काहून नाही?"

"सरची इज्जत होती भाभी."

"अन् माह्यी?"

रहीमभाईंनी चप्पल घातली, काढली, पुन्हा घातली. भला माणूस आहे, पण भल्या माणसांचंच मला जास्त वाईट वाटलं. वकीलसाहेबांना ठाऊक नव्हतं, म्हणून ते सुटले. यांना ठाऊक होतं.

पुढच्या आठवड्यात वकीलसाहेब पुस्तिकेची पानं घेऊन घरी आले. मला म्हणाले, "वहिनी, पहा. सरांची निवडक मतं. कायमची राहतील आता." मी सांगून टाकलं. चहा ठेवायच्या आधीच सांगून टाकलं. ही मतं माझी आहेत. यांनी वाचलं, मी बोलले.

वकीलसाहेब हसले नाहीत, ते बरं होतं. पण तोंड असं केलं, जसं लहान पोराला ताप आला आहे. "वहिनी, दुःखात असं वाटतं. आणि संसारात तुझं-माझं कुठं असतं? सरांचं ते तुमचंच."

"तुमचं घर कोणाच्या नावावर आहे, वकीलसाहेब?"

खोकले. बशी जवळ ओढली. मग पिशवीतून एक पुस्तक काढलं. "बरं. हे नवं आलंय. मुंबईच्या गोदीचा इतिहास. येत्या रविवारी यावर मंडळात चर्चा आहे. तुम्ही या, तुमचं मत मांडा. आम्ही ऐकू." बोलले गोड. पण मी काय, ओठांच्या कोपऱ्यातलं हसू ओळखत नाही का? शाळेत मास्तर फळ्याजवळ बोलावतो तेव्हाचं हसू आहे ते.

मी म्हटलं, ठेवा.

मीनूचा फोन आला. तिला रहीमभाईंनी की कोणी सांगितलं, माहीत नाही. पोरगी चिडली. "आई, काय चालवलंय तू? बाबांना जाऊन महिना झाला नाही. लोक त्यांना चोर म्हणतील!"

"चोर मी म्हणत नाही. हिस्सा मागून राह्यली."

"आता हिस्सा घेऊन काय करणार आहेस तू?"

मी फोन ठेवला. तुमची लेक आहे, प्रश्न बरोबर जागी मारते.

दुपारी तुरीचं ताट घेतलं. तुमच्या खुर्चीसमोर बसले, नेहमीच्या जागी. पुस्तक उघडून खुर्चीवर ठेवलं. आता सांगते ते ऐका. तूर निवडून झाली तरी पुस्तक बोललं नाही.

मग मीच घेतलं हातात. बोट ठेवून वाचायला लागले. एकेक शब्द असा की दाताखाली खडा यावा. वाक्याच्या शेवटाला पोचले की सुरुवात विसरलेली. पुन्हा मागं जा. एक पान सरलं अन् मला काहीच सुचलं नाही. राग नाही आला, हसू नाही आलं, विचारावं असं काही नाही आलं. मुंबईचं पुस्तक आपल्या घरात आलं अन् माझ्याजवळ बोलायला एक शब्द नाही, असं पहिल्यांदा झालं.

तेव्हा मला तुमचा खरा राग आला. आधीचा काहीच नव्हता. तुमच्या गळ्यातून पुस्तक यायचं तेव्हा माझ्या तोंडात उत्तर यायचं. गळा गेला, उत्तर गेलं. अन् हे तुम्हाला माहीत होतं! तुम्ही मला वाचायला शिकवू शकत होते. शेकडो पोरांना शिकवलं, शेजारची पोरं घरी बसवून शिकवली. मी म्हटलंही होतं एकदा, "मले बी शिकवा नं जरा, मी माह्यी माह्यी वाचीन." तुम्ही म्हणालात, "मी आहो नं वाचून दाखवाले." मला किती गोड वाटलं होतं! शेजारणीला सांगितलं होतं मी ते, मिरवून.

बायको म्हणून वाचून दाखवत होते, की विहिरीत बादली सोडत होते? खरं सांगा. आता कोणापुढं लाजायचं आहे तुम्हाला?

रविवारी मी गेले. जिना चढले. वकीलसाहेबांनी मोठ्यानं विचारलं, "काय वहिनी, वाचलं पुस्तक?"

मी म्हटलं, "नाही झालं वाचून. मले हळू वाचता येते."

"असू दे, असू दे. घाई नाही." अन् दोघातिघांनी एकमेकांकडे पाहिलं. संपलं. माझा हिस्सा तिथंच संपला होता. मी पुस्तक पिशवीत टाकलं अन् उठणार, तर मागून खुर्ची सरकली. रहीमभाई उभे.

"वकीलसाब, एक बात. भाभीचं पुस्तक होईन तवा होईन. पण सरची जितकी मतं तुमी छापून राह्यले, ते सब भाभीची हायेत. मैने अपने कानोंसे सुनी. बरसों सुनी. राजकन्येचं, संडासाचं, कापसाचं. मैं गवाह हूँ. सर माझे दोस्त होते, म्हणून चूप बसलो. गलती झाली."

एक रिटायर मॅनेजर म्हणाले, "संडासाचं म्हणजे?" तेव्हा मी माझं वाक्य सांगितलं, जसं बोलले होते तसं. आधी कोणी हसलं नाही. मग ती पाणी देणारी बाई खुदकन हसली, मग सगळे हसले. तुमच्या वाक्याला टाळ्या पडत होत्या, माझ्या वाक्याला हसू. फरक समजला मला. पण हसू चाललं, टाळ्यांपेक्षा खरं होतं.

अर्ध्यांनी मानलं, अर्ध्यांनी नाही मानलं. मॅनेजर म्हणाले, सरांनी संस्कार केले म्हणून तर ते मत झालं. असेल. वकीलसाहेब पेन फिरवत होते. शेवटी म्हणाले, "तुमचं पत्र तुम्ही लिहाल तसं छापतो. आणि मतांच्या पानावर तुमचं वाक्य वर, सरांचं खाली. चालेल?" मी म्हटलं, कापसाच्या वाक्यात सुभद्रा पाहिजे, नावासकट. नाही तर ते पान काढून टाका. तेही कबूल झालं. आता हे छापून आलं तर समजा माणूस शब्दाचा पक्का निघाला.

तुमची इज्जत गेली का? थोडी गेली. मला त्याचं सुख नाही झालं, हे लिहून ठेवते. घरी आले तर खुर्ची तशीच. बोलायला कोणी नाही, भांडायला कोणी नाही. तुम्ही समोर असते तर म्हणाले असते, "तुह्यं काय तरी एकेक!" अन् मी म्हटलं असतं, आता नाही चालणार ते.

गोदीचं पुस्तक मी सोडलं नाही. बोट ठेवून रोज थोडं वाचते, मोठ्यानं वाचते, माझ्याच कानाला ऐकू यावं म्हणून. परवा एका पानावर अडले. लेखक म्हणते, गोदीत हजारो मजूर "उपलब्ध झाले". मी थांबले. पुन्हा वाचलं. उपलब्ध झाले म्हणजे काय जी? आभाळातून पडले? कोणत्या गावाहून आले, कोणाले मागं सोडून आले, काहून आले? मला राग आला. अहो, इतका बरा वाटला तो राग!

आजवर तुमचं नाव मी तोंडानं घेतलं नाही. आपल्यात घेत नाहीत. आता एक शब्द देते. हे पुस्तक दिवाळीला संपो की होळीला, ज्या रविवारी संपेल त्या रविवारी मी मंडळात उभी राहीन अन् आधी तुमचं नाव घेईन, आडनावासकट, सगळ्यांना ऐकू जाईल असं. म्हणेन, यांनी वाचून दाखवलं म्हणून मला पुस्तकाशी भांडायची सवय लागली. एवढं यांचं. मग त्या पुस्तकात कोण कोण नाही ते सांगीन, माझ्या बोलीत, पावडर न लावता. ते माझं.

तुम्हाला एवढं एक वाक्य जमलं नाही. मला जमते का पाहू.

पंचफुला